पितळी पेचांचं विमान

आमच्या सेलूच्या दुकानात स्क्रूला कुणी स्क्रू म्हणत नसे. पेच म्हणत, आणि ते फिरवायचं हत्यार म्हणजे पेचकस. नुसता पेच मागितला की लोखंडी मिळायचा. पितळी पाहिजे असेल तर तसं बोलून सांगावं लागे, आणि सांगणाऱ्याकडे आप्पा चष्म्याच्या वरून एकदा नीट बघून घेत. आप्पा म्हणजे माझे आजोबा. "कशाला पायजे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. गिऱ्हाईक वैतागायचं. खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानात येऊन घरची हकिकत कोण सांगत बसणार? आप्पांचं म्हणणं असं की डॉक्टरनं विचारल्यावर सांगता, मग मला सांगायला काय झालं? वायरमन लोक विजेच्या बोर्डासाठी न्यायचे. भजनी मंडळाचे लोक पेटीच्या सुरांच्या पट्ट्या बसवायला बारीकातले बारीक मागायचे. मोरीचं दार कायम ओलं, त्याच्या बिजागरीला पितळीच लागत. जिनिंगमधले फिटर म्हणायचे, पितळ ठिणगी टाकत नाही, कापसाजवळ तेच बरं. ज्याला नुसते मिरवायला पाहिजेत त्यालाही आप्पा नाही म्हणत नसत, पण देताना तोंड असं करत की जणू मुलगी नाइलाजानं द्यावी लागतेय.

दुकानाच्या मागंच घर. मधे एक दार आणि एक अरुंद बोळ. शाळा सुटली की मी दुकानात बसायची, पेचांचे नंबर लावायची, आणि संध्याकाळी पिठाला हात लावायच्या आधी अव्वा, म्हणजे माझी आजी, मला राखेनं हात घासायला लावायची. "पितळेचा हात हाय तुझा, ताकाला लागला तर ताक कळकंल," म्हणायची. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकतं हे खरं, पण हातानं कळकतं हे मी फक्त अव्वाकडूनच ऐकलं. तिच्या हातची येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची आमटी आणि त्यात चुरलेली ज्वारीची भाकरी हे आमचं बहुतेक रात्रीचं जेवण. जेवण तयार झालं की ती पळीनं परात वाजवायची. बोळातून तो आवाज दुकानात जायचा. आप्पा पहिल्यांदा वाजल्यावर उठत नसत, दुसऱ्यांदा "आलो आलो" म्हणत, आणि मग ती अशी काही बडवायची की समोरचा पानवालाही म्हणायचा, "आप्पा, जावा आता." अव्वा गेल्यावर माय, म्हणजे माझी आई, परात वाजवत नसे. ती मला पाठवायची. मी जाऊन नुसतं "जेवायला" म्हणायची आणि आप्पा लगेच उठायचे. मला ते लगेच उठणं अजिबात आवडायचं नाही.

पितळी पेचाचं शास्त्र मला आप्पांनी शिकवलं. पितळ गंजत नाही, पण मऊ असतं. अंगातला जोर दाखवायला गेलात की त्याची मान मोडते, डोकं हातात येतं आणि धड लाकडात राहतं. मग रडत बसा. म्हणून आधी गिरमिटानं भोक पाडायचं. मग त्याच मापाचा लोखंडी पेच पिळायचा, त्याच्याकडून लाकडात आटे पाडून घ्यायचे, आणि तो काढून टाकायचा. त्या तयार वाटेनं पितळी पेच बसवायचा, तोही साबणावर किंवा मेणावर फिरवून. पेचकसाचं टोक खाचेत बरोबर बसणारं पाहिजे, नाहीतर खाच खरवडते. मुलामा दिलेला लोखंडी पेच पितळी म्हणून कुणी खपवतं, त्यासाठी आप्पांच्या गल्ल्यात फुटक्या भोंग्याचा लोहचुंबक असायचा. लग्नानंतर माझ्या सासरी मी एका इंजिनिअर पाहुण्याला पितळी पेच थेट ठोकताना पाहिलं, हातोडीनं. मी काही बोलले नाही. पाहुणे होते.

आता विमानाबद्दल सांगायला हवं. आमच्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला झोपवून नेत नाहीत. आंघोळ घालून, कपाळाला भस्म लावून, हातात इष्टलिंग देऊन बसवतात आणि बसलेलंच नेऊन पुरतात. ज्या आसनात बसवून चौघं खांद्यावरून नेतात त्याला आम्ही विमान म्हणतो. पाठीला तक्ता, दोन बाजूंना हात, खाली दोन आडवे दांडे. गावागावांत बांबूचं तेवढ्यापुरतं बांधतात. आमच्याकडे समाजाचं एक लाकडी विमान होतं, मठाच्या मागच्या पडवीत ठेवलेलं. पडवी गळायची. एकदा त्याचे पेच ढिले झाले म्हणून दुरुस्तीला काढलं, तेव्हा पेच आप्पांनी फुकट दिले होते. लोखंडी. तेव्हाच्या सुतारानं पितळी मागितले तर आप्पा हसून म्हणाले होते, "अरे, बसणाऱ्याला काय कळणार हाय?"

अव्वा दोन दिवसांच्या तापानं गेली. तिला त्याच विमानात बसवलं. रेल्वेचं फाटक ओलांडताना रुळावर जरासा हिसका बसला, कट्ट असा आवाज झाला आणि पाठीचा तक्ता मागं निखळून पडला. अव्वा आधी मागं गेली, मग एका अंगावर कलंडली आणि खाली खडीवर पडली. कपाळाचं भस्म पुसलं गेलं, लुगड्याचा पदर सुटला. फाटकाशी थांबलेली माणसं, टांगेवाला, सायकलवाले, सगळे बघत होते. माझ्या वडिलांनी, दादांनी, तिला लहान मुलासारखं दोन्ही हातांवर उचललं आणि तसंच पुढं नेलं. आम्ही बायका ओरडत होतो. आप्पा मात्र खाली वाकून खडीत काहीतरी शोधत होते. मला त्यांचा राग आला. मागाहून कळलं, त्यांनी तुटलेला पेच उचलला होता. गंजानं मान खाल्लेली, आणि डोक्यावर आमच्याच दुकानातल्या मालाचा छाप.

त्यानंतर आप्पा कितीतरी महिने दुकानात बसून फक्त हो-नाही बोलायचे. मग एक दिवस त्यांनी सागवानाच्या फळ्या आणून परसात टाकल्या आणि जाहीर केलं, "समाजासाठी नवं विमान करायचंय. पितळी पेचाचं."

घरात जे सुरू झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण आप्पांशी कुणी भांडत नसे. पण दादा जेवताना ताटाकडे बघून बोलू लागले. "कुनी मेलं न्हाई, आन् इमान करायचं? तयार इमान मानूस मागतंय, आप्पा." माय माझ्याकडे बघायची. माझ्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं. उपवर मुलीच्या घरात मेलेल्याचं आसन तयार होतंय हे कळलं तर कोण येणार? आप्पांचं उत्तर एकच. "आपल्यात सुतक न्हाई, इटाळ न्हाई, शकुन-अपशकुन न्हाई. समदं लहानपनापासून म्हनता, मग भेता कशाला?" ते शब्द आम्हाला पाठ होतेच. पाठ असलेल्या गोष्टीला भीती कुठं जुमानते?

शेजारचे वीरभद्रप्पा, मोंढ्यात ज्यांची आडत होती, ते मुद्दाम आले. त्यांनी मठात बैठक बोलावली. "आप्पांचं दुःख मी समजतो," असं म्हणून त्यांनी जे दादा म्हणत होते तेच मोठ्या आवाजात सांगितलं. स्वामींना विचारलं. स्वामी म्हणाले, आपल्या धर्मात अपशकुन नाही. आणि थोडं थांबून म्हणाले, मठात ठेवायला जागाही नाही.

ज्याला आप्पांनी सुतारकाम सांगितलं तो किसन मिस्त्रीही आधी नको म्हणत होता. तो आमच्यातला नव्हता, त्याला भ्यायचं कारण नव्हतं, पण त्याची शंका पितळेची होती. "आप्पा, पितळ कच्चं असतंय. वजन पेलनार न्हाई." त्यावर दोघांचं परसात फळ्यांवर बसून अर्धा दिवस चाललं. शेवटी असं ठरलं की वजन सगळं लाकडाच्या सांध्यांनी धरायचं, एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवून, आणि पेचानं फक्त सांधा सुटू द्यायचा नाही. मग मिस्त्रीला कामाची गोडी लागली. रोज सकाळी माय त्याला मुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा द्यायची, तोंड वाकडं करून, पण वरून कोथिंबीर घालून. भोकं मिस्त्री पाडायचा. लोखंडी पेच पिळून आटे पाडायचं आणि तो परत काढायचं काम आप्पांनी स्वतःकडे घेतलं होतं. पितळी पेचावर मेण मी लावायची. सगळ्या पेचांच्या खाचा मिस्त्रीनं उभ्या एका रेषेत आणल्या. कुणी सांगितलं नव्हतं. विमान तयार झालं तेव्हा ते इतकं देखणं दिसत होतं की मायसुद्धा एकदा त्याच्यावरून हात फिरवून गेली, आणि लगेच हात धुऊन आली.

आता अडचण आली ती अशी की मिस्त्री ते हातावेगळं करायला तयार होईना. "मानूस बसवून, चौघांनी उचलून हिसके दिल्याबिगर मी म्हननार न्हाई झालं म्हून." दादा म्हणाले, ज्वारीचं पोतं ठेवा. मिस्त्री म्हणाला, "पोतं टेकून बसत न्हाई, दादा. मागल्या टायमाला भार पाठीवरच गेलता." खरंच होतं. आप्पा धोतर सावरून पुढं झाले. दादांनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हात धरला. "आप्पा, तुमी बसलात तर मी या घरात ऱ्हानार न्हाई." मिस्त्री बसला असता, पण तोच एका बाजूला खांदा देणार होता, आणि पेच बोलतात की नाही ते त्याला कान लावून ऐकायचं होतं. दुकानातले दोन हमाल भिंतीला चिकटून उभे. त्यांना कुणी विचारलंच नाही तरी ते मान हलवत होते. मी भज्यांची ताटली घेऊन उभी होते आणि भजी गार होत होती. मला या सगळ्या पुरुषांचा मनापासून कंटाळा आला. मी ताटली ओट्यावर ठेवली आणि जाऊन बसले.

"नंदेऽ!" माय किंचाळली. पण तोवर मिस्त्रीनं "उचला" म्हटलं होतं. दादा, मिस्त्री आणि दोन हमाल. मी पाठ टेकली. त्यांनी मला परसातून फिरवलं, वर केलं, खाली केलं, मिस्त्रीनं मुद्दाम पाय अडखळवला. एकही पेच बोलला नाही. वरून मला आमच्या भिंतीपलीकडचं वीरभद्रप्पांचं अंगण दिसलं. तिथं त्यांची म्हातारी आई, गंगव्वा, बाजेवर कुरडया वाळत घालत होती. तिनं मान वर करून पाहिलं. भिंतीच्या वरून मी एकटीच सरकत चाललेली, मरणाच्या आसनात, जिवंत. मला वाटलं आता ही बोंब मारणार.

"कसं हाय गं?" तिनं विचारलं.

"टेकायला चांगलं हाय," मी म्हटलं.

"मग बरं हाय," म्हणून तिनं पुढची कुरडई टाकली.

त्या गुरुवारी जिंतूरकडचे पाहुणे मला बघायला येणार होते. ते आले नाहीत. त्यांच्यापर्यंत बातमी कुणी पोचवली ते मला माहीत आहे, पण ती बाई आता नाही. पुढचीही दोन स्थळं तशीच गेली. माय देवासमोर बसून रडायची आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं रडायची. दादा आप्पांशी कामापुरतंच बोलत. आणि एवढं सगळं करून विमान कुणाला नकोच होतं. मठानं घेतलं नाही. समाजात कुणी गेलं की बुरुडाकडून बांबू यायचे, सुतळीनं घाईघाईत काहीतरी बांधलं जायचं, आणि माणसं ते हलतंय बघत जपून चालायची. विमान आमच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर पोत्याखाली पडून होतं. आप्पा महिन्यातून एकदा शिडी लावून वर जायचे आणि फडक्यानं ते पुसायचे. गिऱ्हाइकं खाली उभी राहून वर बघायची नाहीत. माझ्याशी हसून बोलणारी एकच होती. भिंतीवरून गंगव्वा म्हणायची, "नंदे, माझी जागा धरून ठेव. तुझी मावशी लई लट्ठ हाय, ती बसून ढिलं करंल." मला हसू यायचं आणि मायला संताप.

ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. बाजूचा एक बंद व्हायचा, विरुद्धचा एक व्हायचा. आमच्या दुकानाचं शटर दोन्हींना सारखंच खाली. अशाच एका बंदात, जो एकाचा दोन आणि दोनाचा तीन दिवस झाला, गंगव्वा सकाळी चहा पिता पिता गेली. रस्त्यावर दगड, जळलेल्या टायरांच्या तारा, चौकात पोलीस. बुरुडआळीत एक दार उघडं नव्हतं. त्यांच्यातले बरेच जण त्या आठवड्यात घाबरून नातेवाइकांकडे निघून गेले होते. दुपारी बाराच्या सुमारास वीरभद्रप्पा आमच्या मागच्या दारानं आले. उघड्या डोक्यानं. आप्पा बोळात खुर्ची टाकून बसले होते.

"आप्पा, बांबू मिळंना झालाय."

आप्पांनी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. मला म्हणाले, "नंदे, शिडी धर." आणि त्या वयात स्वतः वर चढले.

पोलिसांनी फक्त खांदेकरी आणि घरचे असे थोडेच जाऊ दिले. आमच्याकडून आप्पा, दादा आणि मी. माय नको म्हणाली होती, पण आप्पांना धरायला कुणीतरी पाहिजे होतं. एवढं शांत सेलू मी पुन्हा कधी पाहिलं नाही. दगड ओलांडताना विमान कधी इकडं झुकायचं, कधी तिकडं. सगळे शिवाचं नाव घेत होते. आप्पा घेत नव्हते. काठी टेकत ते विमानाच्या अगदी मागं, हातभर अंतरावर चालत होते आणि त्यांची नजर तक्त्यावरून हलत नव्हती. फाटकापाशी आलो तेव्हा त्यांनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. पुढच्या एका खांदेकऱ्याचा पाय रुळाला लागला. तो गुडघ्यावर आला, विमान पुढं डावीकडं कलंडलं, मग बाकीच्यांनी हिसक्यानं ते वर घेतलं आणि सगळं वजन धाडकन पाठीवर गेलं. कुणीतरी "अगं आई" ओरडलं. गंगव्वा पाठ टेकून बसली होती, तशीच बसून राहिली. कपाळावरचं भस्मही हललं नव्हतं. आप्पांनी माझं मनगट सोडलं.

कधीकधी लोक मला विचारतात, तुमच्या आजोबांचा हट्ट तुम्हाला पटला होता का? माझं लग्न त्यापुढं वर्षानं झालं, मानवतला. नवऱ्यानं पहिल्याच आठवड्यात विचारलं, खरंच बसली होतीस का त्याच्यात? मी हो म्हटलं. तो म्हणाला, मग आता तुला भ्यायला काही राहिलंच नाही, आणि आमचं त्यावर चांगलं चाललं. पण पटण्याचं म्हणाल तर मला ते फाटकाशी पटलं, त्याच्या आधी नाही. त्याच्या आधी मी फक्त कंटाळून बसले होते.

गंगव्वाला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बंद उठला. दुकानं उघडली आणि माणसं तीन दिवसांची भाजी एकदम घ्यायला बाहेर पडली. त्या गर्दीतून वीरभद्रप्पा स्वतः एका बाजूला खांदा देऊन विमान परत घेऊन आले. धुऊन, पुसून. भर बाजारातून, सगळ्यांच्या देखत. ओट्यावर उतरवून ते तिथंच पायरीवर बसले. आप्पा आतून फडकं घेऊन आले आणि एकेका पेचावरचं पाणी टिपू लागले, कारण पितळ गंजत नसलं तरी पाणी बसून राहिलं की हिरवं पडतं. माय चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"आप्पा," वीरभद्रप्पा म्हणाले, "आई हलली सुदिक न्हाई."

आप्पांचा हात तक्त्याच्या शेवटच्या पेचावर थांबला.

"आमच्या हिला बी असंच न्यायचं व्हतं रे," ते म्हणाले, आणि तोंडाला ते ओलं फडकं लावून सगळ्या बाजारासमोर रडू लागले.